नवशिकेपणाचा दाखला

एकोणीसशे एक्क्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या ग्रामीण कारागीर उन्नती केंद्रात, मातीच्या भांड्यांना झिलई कशी द्यावी हे नवशिक्यांना शिकवणाऱ्या व्हिडिओ कॅसेटी निवडण्याचं काम सुरू झालं. काम साधं होतं. नमुन्याच्या अकरा कॅसेटी आल्या होत्या, त्यांतल्या तीन निवडायच्या होत्या. पाहायला टीव्ही होता, व्हीसीआर होता, खिडक्यांना पडदेसुद्धा होते. वरिष्ठ लिपिक कमलाकर खारकर यांनी चार दिवसांचा अंदाज धरला आणि एक कोरी फाइल उघडली. त्या फायलीचा पुढे चौथा खंड काढावा लागला.

खारकर हा मनाने भला माणूस. सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढूनही त्याला समोर आलेल्या माणसाला खुर्ची द्यावीशी वाटे. फक्त एक खोड होती. कुठलीही गोष्ट कागदावर व्याख्येत बसल्याशिवाय ती खरोखर आहे असं त्याला वाटत नसे. घरी बायकोने 'थोडी साखर आणा' म्हटलं, तरी हा पिशवी हातात घेऊन 'थोडी म्हणजे किती' हे ठरेपर्यंत उंबऱ्यात उभा राही.

केंद्राचे प्रकल्प अधिकारी सत्यजीत देशपांडे नुकतेच पुण्याहून आले होते आणि त्यांचा तंत्रज्ञानावर फार विश्वास होता. 'झिलई शिकवायला एखादा जाणता कारागीरच बोलावला तर?' असं खारकरने सुरुवातीला भीत भीत सुचवून पाहिलं होतं.

"खारकर," साहेब म्हणाले, "माणूस आजारी पडतो, गावाला जातो, दुपारी जेवायला मागतो. कॅसेट यातलं काहीही करत नाही. आणि माणूस चुकला तर त्याला रिवाइंड करता येतं का?"

येत नव्हतं. खारकरने तसं टिपणीत नमूद केलं.

निवड समितीवर साहेब अध्यक्ष, खारकर सचिव आणि अशासकीय सदस्य म्हणून नवीन पनवेलच्या पद्मजाताई कारखानीस. पद्मजाताईंना मातीचं भारी वेड. त्यांच्या दिवाणखान्यात टेराकोटाचे घोडे होते, गळ्यात टेराकोटाची माळ होती आणि मातीचा विषय निघाला की त्या डोळे मिटून घेत. पिण्याचं पाणी मात्र त्या फ्रिजमधलं घेत, कारण माठ पाझरतो आणि फरशीवर डाग पडतात.

आता रंभाबाईबद्दल सांगायला हवं. रंभाबाई करंजाड्याची कुंभारीण. नवरा वारल्यावर चाक तिनेच हाती घेतलं आणि दोन मुली त्याच चाकावर वाढवल्या. झिलईच्या योजनेसाठी पहिला अर्ज तिचा होता. दर सोमवारी बाजारात माठ विकून झाले की ती केंद्रात यायची आणि पायरीवर बसून एकच प्रश्न विचारायची, "सायेब, माजी भट्टी कदी?"

योजनेत भट्टी होती हे खरं. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या लाभार्थ्याला तेलावर चालणारी लोखंडी भट्टी मोफत मिळणार होती. ती येऊन मागच्या व्हरांड्यात खोक्यासकट उभीही होती आणि शिपाई तिच्यावर डबे वाळत घालत होता.

"सुगडं संक्रांतीला जातात, मडकं मयताला जातं," रंभाबाईने एकदा खारकरला समजावून सांगितलं होतं. "मदले महिने आमी काय करायचं? मानसं काय माज्यासाठी रोज मरनार हायत? झिलई आली तर लोनच्याच्या बरन्या करीन. बरनी पाजरली नाय, तर लोक घेतील. पन तिला आच मोठी लागते, ती माज्या पेंढ्याच्या भट्टीत येत नाय."

हे ऐकून खारकरला मनापासून वाईट वाटलं. ही भट्टी रंभाबाईलाच मिळाली पाहिजे असं त्याने ठरवून टाकलं. पुढचं सगळं त्या चांगल्या हेतूतून झालं.

समितीने पहिल्या आठवड्यात चार कॅसेटी पाहिल्या. पहिलीत कुणी मंत्रीमहोदय समई लावत होते. समई लागायला नऊ मिनिटं गेली, भाषणाला बत्तीस, आणि मग चाकासमोर हार घालून उभ्या असलेल्या एका कुंभाराचा सत्कार झाला. कुंभाराने चाकाला हात लावायच्या आत फीत संपली. दुसरीत एक दाढीवाला गोरा इंग्रजीत इतकं हळू बोलत होता की साहेबांनी आवाज शेवटपर्यंत वाढवला, तेव्हा स्टँडवरचा कंडक्टर काय ओरडतोय ते स्पष्ट ऐकू आलं. तिसरी जपानी होती. तीत एक म्हातारा पन्नास मिनिटं अवाक्षर न बोलता भांडी बुडवत होता, काढत होता, बघत होता. चौथ्या कॅसेटवर पाठवणाऱ्या संस्थेतल्या कुणीतरी घरचं लग्न भरून ठेवलं होतं. चूक लक्षात आली, पण मूल्यमापन अर्धवट सोडता येत नाही म्हणून समितीने ते लग्न सप्तपदीपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत पाहिलं.

"मुलगी गोड आहे," पद्मजाताई म्हणाल्या. "पण त्या रंगाचा शालू नको होता."

गुण द्यायची वेळ आली तेव्हा खरी अडचण उभी राहिली. गुणपत्रकात आवाज, चित्र, राष्ट्रीय एकात्मता वगैरे रकाने भरून झाले. शेवटचा रकाना होता, 'नवशिक्यांस समजते काय?'

"मला समजलं," साहेब म्हणाले. मग त्यांनी पेन थांबवलं. "पण मी नवशिका आहे का?"

"तुमचं मला माहीत नाही," पद्मजाताई म्हणाल्या, "पण मी मुळीच नाही. मी मुंबईत दोन प्रदर्शनं पाहिली आहेत."

"मग हा रकाना भरायचा कुणी?"

"साहेब, आपल्याला एक नवशिका लागेल," खारकर म्हणाला. आणि त्याच्या डोक्यात दिवा पेटला. रंभाबाईलाच बोलावलं तर? कॅसेटी पाहून होतील, दर खेपेचा प्रवासभत्ता मिळेल, साहेबांच्या नजरेत राहील, भट्टी हातात आल्यासारखीच. त्याने त्याच दिवशी टिपणी केली, आणि टिपणी करायची म्हणजे व्याख्या आलीच. ती त्याने तीनदा खोडून सुवाच्य लिहिली: 'नवशिका म्हणजे ज्यास झिलईविषयी काहीएक माहिती नाही अशी व्यक्ती. योजनेचा लाभ केवळ नवशिक्यांस देय राहील.' साहेबांनी व्याख्या वाचून खारकरची पाठ थोपटली. अशी निर्दोष व्याख्या आपण पुण्यातही पाहिली नाही, असं ते म्हणाले.

आता रंभाबाई नवशिकी आहे हे सिद्ध करायला दाखला हवा होता. ती तलाठ्याकडे गेली. असा दाखला तलाठ्याने आयुष्यात दिला नव्हता, पण माहीत नाही असं म्हणणं त्याच्या पदाला शोभलं नसतं. त्याने दोन साक्षीदार आणायला सांगितले. शेजारची गंगाबाई आणि मीठवाला आनंदा यांनी अंगठे उठवले आणि दाखल्यात लिहिलं गेलं की, 'सदर बाईस झिलई येत नाही, हे आम्ही वेळोवेळी समक्ष पाहिले आहे.' रंभाबाईने तो दाखला पिशवीत घातला आणि लग्नाचं आमंत्रण आल्यासारखी हसत केंद्रात आली.

तिला टीव्हीसमोर स्टुलावर बसवलं. मंत्र्यांची समई पाहताना तिला डुलकी लागली. दाढीवाल्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो बोलतो जास्त. हात कोरडे हायत त्याचे." मग जपानी म्हातारा लागला आणि रंभाबाई स्टुलावरून खाली उतरून टीव्हीच्या पुढ्यात मांडी घालून बसली. पन्नास मिनिटं ती पापणी लववायला विसरली. म्हाताऱ्याने भांडं बुडवलं की तिचा हात हवेत बुडायचा, त्याने मनगट वळवलं की हिचं मनगट वळायचं.

"बुडाला लावत नाय तो. बगा, पुसून घेतो," ती ओरडली. "लावलं तर भट्टीत खाली चिकटंल ना! आन तीन मोजतो. एक, दोन, तीन, की भाईर. जास्त ठेवली की जाड बसते." ती समितीकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता. "सायेब, समजलं मला. सगळं समजलं!"

खारकरला इतका आनंद झाला की त्याने शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरात 'होय' लिहिलं. साहेबांनी मात्र गुणपत्रक आपल्याकडे ओढलं.

"खारकर, उद्या पाचवी कॅसेट आहे ना? ती हिलाच दाखवायची?"

"हो साहेब. नवशिकीचा दाखला आहे तिच्याकडे."

"तो कालचा. आज तिला बुडाचं माहीत झालंय. तीन मोजायचं माहीत झालंय. तुमच्याच व्याख्येप्रमाणे ती आता नवशिकी राहिलेली नाही."

खारकरने व्याख्या काढून वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. तिच्यात बोट शिरायलासुद्धा फट नव्हती.

पद्मजाताईंनी तोडगा काढला. माणूस शिकतो तसा विसरतोही, तेव्हा दर दोन कॅसेटींमध्ये पंधरा दिवसांचा विस्मरण कालावधी ठेवावा आणि नंतर तोंडी परीक्षा घेऊन बाई पुरेशी विसरली आहे याची खात्री करावी. साहेबांना कल्पना पसंत पडली. टिपणी झाली, मंजूर झाली, आणि रंभाबाईला पंधरा दिवस घरी बसून विसरायला सांगण्यात आलं.

पंधरा दिवसांनी परीक्षेच्या आधी खारकरने तिला बाहेरच्या जिन्यापाशी गाठलं. "रंभाबाई, नीट ऐका. साहेब काहीही विचारोत, तुम्ही म्हणायचं, माहीत नाही. एवढं केलंत की भट्टी तुमचीच."

"ठोकून सांगते ना. त्यात काय," रंभाबाई म्हणाली.

आत साहेबांनी विचारलं, "भांड्याच्या बुडाला झिलई लावायची की नाही?"

"म्हाईत नाय," रंभाबाई ताठ बसून म्हणाली.

साहेबांनी टेबलावरची एक कुंडी तिच्या हातात दिली. "ही बादलीत बुडवून दाखवा." बादलीत नुसतंच पाणी होतं. रंभाबाईने कुंडी उचलली, बोटांवर तोलली, बुडवली, ओठांतल्या ओठांत तीन मोजलं, मनगट वळवून वर काढली आणि पदराने तिचं बूड पुसून टेबलावर ठेवली. पद्मजाताईंनी कागदावर लिहिलं, 'विस्मरण असमाधानकारक.'

"अहो, सांगितलं होतं ना तुम्हाला!" बाहेर आल्यावर खारकर कळवळून म्हणाला.

"तोंडाला सांगितलंत, तोंडानं ऐकलं की," रंभाबाई म्हणाली. "हाताला कसं सांगू? त्याला कळलंय ते आता जानार नाय."

आणि हाताला कळलेलं स्वस्थ बसेना. पुढच्या सोमवारी ती पिशवीतून एक वीतभर बरणी घेऊन आली आणि खारकरच्या टेबलावर ठेवून दिली. तिने फुटक्या बाटल्या कुटून भुकटी केली होती, सोनाराकडून सवागी, म्हणजे टाकणखार, आणली होती, चिकणमाती चाळून घेतली होती आणि जपान्याच्या मोजणीने बरणी बुडवली होती. एका अंगाला झिलई अशी धरली होती की खारकरला तीत आपलं नाक दिसलं. दुसऱ्या अंगाला मात्र फोड आले होते.

"ह्या बाजूला आच पोचली नाय," रंभाबाई बोटाने दाखवत म्हणाली. "पेंढ्याचा जीव तो केवडा! पन मोठी भट्टी आली तर अशा शंबर काडीन, सायेब. तुमच्या बायकोला पयली."

बावीस वर्षांच्या नोकरीत खारकरच्या टेबलावर आलेली ही पहिली झिलईची बरणी होती. खारकरचे डोळे भरून आले. ती उचलून तो धावतच साहेबांच्या खोलीत गेला. आता काय, साहेब बघतील आणि विषय संपेल, असं त्याला वाटलं. साहेबांनी बरणी उजेडात धरली, टिचकी मारून पाहिली आणि खुशीने मान हलवली.

"उत्तम! हाच पुरावा हवा होता. बाई नवशिकी नाही हे आता निर्विवाद सिद्ध झालं. फायलीला जोडा."

बरणी फायलीला जोडता येईना, म्हणून तिच्या गळ्यात सुतळी बांधून त्याला 'परिशिष्ट ग' अशी चिठ्ठी अडकवली. लाभार्थ्यांच्या यादीतून रंभाबाईचं नाव कमी करण्याचा आदेश खारकरच्याच अक्षरात लिहावा लागला.

खारकर तसा सहज हार मानणारा नव्हता. तिला लाभार्थी करता येत नसेल तर प्रशिक्षक करावं, असं त्याने सुचवलं. नियम निघाला की प्रशिक्षकाने या केंद्राचं प्रशिक्षण घेतलेलं असावं, आणि प्रशिक्षण फक्त नवशिक्यांना. मग समितीवर तज्ज्ञ म्हणून घ्यावं, असं सुचवलं. तेव्हा पद्मजाताईंनी हरकत घेतली. ज्याचे हात मातीत आहेत त्याचा विषयात हितसंबंध आला, अशा माणसाकडून तटस्थ मत कसं मिळणार? साहेबांना हे पटलं. पद्मजाताईंनी आपले हात टेबलावर ठेवले होते आणि ते खरोखरच फार स्वच्छ होते.

राहिली कॅसेटींची निवड. उरलेल्या सात कॅसेटी दरवेळी नवा नवशिका आणून, दर नवशिक्याला तलाठ्याचा दाखला काढून, वर्षभरात पाहून झाल्या. शेवटच्या बैठकीत साहेबांनी एक मूलभूत मुद्दा मांडला. या कॅसेटी नवशिक्यांसाठी आहेत. ज्या कॅसेटीने नवशिका नवशिका राहत नाही, ती नवशिक्यांसाठी योग्य कशी म्हणता येईल? जपानी कॅसेटमुळे तर केंद्राने हाताशी असलेली एक चांगली नवशिकी गमावली होती. या निकषावर जपानी म्हातारा बाद झाला, आणखी सात कॅसेटीही बाद झाल्या. अंतिम यादीत तीन राहिल्या. मंत्र्यांची समई, दाढीवाला गोरा आणि लग्न. लग्नाला सर्वाधिक गुण मिळाले, कारण ते पाहून एकाही नवशिक्याच्या अज्ञानाला धक्का लागला नव्हता.

वर्ग सुरू झाले. वीस लाभार्थी दर मंगळवारी लग्न पाहू लागले. रोडपालीहून येणाऱ्या हौसाबाईला तर पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसलंय हे पाठ झालं. भट्टीचं काय, असं कुणी विचारलं की सांगण्यात येई, प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर. पण पूर्ण झालं की माणूस नवशिका राहत नाही आणि नवशिका नसलेल्याला लाभ देता येत नाही. व्हरांड्यातलं भट्टीचं खोकं त्यामुळे सुरक्षित राहिलं.

रंभाबाईचं नाव कमी केल्याचा कागद खारकरने टपालाने धाडला नाही. तो स्वतः करंजाड्याला गेला. रंभाबाई अंगणात चाकावर होती. तिने हात न धुता कोपराने ओटा झाडला आणि त्याला बसायला सांगितलं. त्याने कागद वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला.

"म्हंजे शिकलेच नसते, तर मिळाली असती?"

"हो."

"आन शिकल्याबिगर ती चालवली कशी असती?"

खारकर ओशाळून म्हणाला, "त्याची वेगळी योजना आहे."

रंभाबाई रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं खारकरला परत जाताना रस्ताभर वाटत होतं. तिने चाकावरचं मडकं दोऱ्याने कापून बाजूला ठेवलं. ते बिनझिलईचं, मयताचं होतं. भामा नावाच्या तिच्या थोरल्या मुलीने तशी आणखी सहा उन्हात मांडली होती.

"माजी बरनी तरी द्या परत," ती म्हणाली.

"ती परिशिष्ट आहे, रंभाबाई."

एवढं होऊनही काम थांबलं नाही. पद्मजाताईंची मुदत संपली आणि समितीवरची अशासकीय सदस्याची जागा रिकामी झाली. साहेबांनी पात्रतेचे निकष खारकरला तोंडी सांगितले. उमेदवाराला हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक असावं. ते त्याने बसल्या जागेवरून, आरामात पाहिलेलं असावं. अधूनमधून तो हसलेला असावा, रंभाबाईबद्दल त्याला थोडं वाईटही वाटलेलं असावं, मात्र त्यापुढे त्याने काहीएक केलेलं नसावं. हात स्वच्छ असणं आवश्यक.

"असा माणूस मिळणं कठीण आहे, खारकर. जाहिरात द्यावी लागेल."

"जाहिरातीची गरज नाही, साहेब," खारकर म्हणाला. त्याने कोरा नेमणूक-आदेश पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, आणि मान वर करून तुमच्याकडे पाहत अदबीने विचारलं, "आपलं पूर्ण नाव?"